कोर्स झाला, आता पुढं काय?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की दहावी अडली म्हणून आयुष्य अडत नाही, हाताला काहीतरी काम शिका. त्यावर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप असं एवढं काही आलंय की बायको म्हणाली रिटायर झालात का परत नोकरीला लागलात. आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडला ३१ वर्षं शिकवलं, पण एवढे प्रश्न वर्गात कुणी विचारले नव्हते. निम्म्या लोकांचा प्रश्न एकच, सर कुठला कोर्स करू? मला हा प्रश्नच उलटा वाटतो. आधी बघा तुमच्या दहा-पंधरा किलोमीटरात कुठल्या कामाला माणूस मिळत नाही, मग कोर्स शोधा. असो. या वेळी सात पत्रं घेतोय, नावं छापत नाही.

प्रश्न : सर मी गेवराई तालुक्यातला. आई-वडील ऊसतोडीला जातात, दिवाळी झाली की कारखान्यावर, त्यामुळं माझी शाळा सहा महिने इथं सहा महिने तिथं अशी झाली. आठवी पास, नववीत सुटली. आता १७ पूर्ण आहे. एक जण म्हणतोय सरकारी कोर्स आहे तीन महिन्याचा, पुण्यात कंपनीत शंभर टक्के नोकरी, फक्त १८ हजार भरा. वडील म्हणतात मुकादमाकडनं उचल (तोडीच्या मजुरीची आगाऊ रक्कम) वाढवून घेतो. भरू का?

उत्तर : नको भरू. आणि वडलांना सांग सरांनी हात जोडून सांगितलंय, उचल वाढवू नका. उचलीच्या पैशातनं कोर्स केलास तर कोर्स संपायच्या आत तुझ्याच हातात कोयता येणार, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता त्या माणसाचं बघू. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ ला सुरू झाली, तिचे थोड्या मुदतीचे कोर्स शिकणाऱ्याला फुकट असतात. ग्रामीण भागातल्या गरीब घरच्या पोरांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ पासून आहे, तीही फुकट. सरकारी पण म्हणायचं आणि १८ हजार पण मागायचे, हे जमत नाही, दोन्हीपैकी एक खोटं आहे. खाजगी क्लास असेल तर फी घेणं गुन्हा नाही, पण मग त्यानं सरळ खाजगी म्हणावं. त्याला जाऊन तीन गोष्टी विचार. कंपनीचं नाव काय? मागच्या बॅचमधल्या दोन पोरांचे फोन नंबर देता का, मी बोलतो? आणि मशीन दाखवता का? खरा माणूस असेल तर तिन्हीची उत्तरं देईल, नाहीतर "आधी ॲडमिशन घे, सीट भरत आल्यात" एवढंच म्हणत राहील. नोकरीची शंभर टक्के गॅरंटी मी ३१ वर्षांत एकाही पोराला देऊ शकलो नाही बाबा.

तुझ्यासाठी मी सरळ आयटीआय सांगेन. दहावी लागतेच असं सगळ्यांना वाटतं पण तसं नाही, वेल्डर, वायरमन, प्लंबर, कारपेंटर, शिवणकाम अशा ट्रेडना केंद्राच्या अभ्यासक्रमात आठवी पास पुरतं, फक्त राज्याच्या प्रवेशाच्या नियमात एकदा बघून घे. वेल्डर एक वर्ष, वायरमन दोन. सरकारी आयटीआयची फी खाजगीच्या मानानं काहीच नाही. प्रवेश ऑनलाइन असतो आणि दहावीच्या निकालाच्या आगेमागे सुरू होतो, तेव्हा जूनमध्ये धावपळ करू नको, आत्ताच शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासी दाखला गोळा कर. स्थलांतर करणाऱ्या घरातल्या पोरांचं घोडं दरवेळी इथंच अडतं, आधारवर एक स्पेलिंग, दाखल्यावर दुसरं, आणि आई-बाप सही करायला कारखान्यावर. ते घरी आहेत तोवर हे उरकून टाक. वायरमनसारखा दोन वर्षांचा ट्रेड पास झालास आणि भाषेचे पेपर दिलेस तर ते दहावीच्या बरोबरीचं धरतात, म्हणजे दहावीचा कलंकही जाईल. नाहीतर बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहेच.

वेल्डिंग घे असा माझा आग्रह नाही, पण तुझ्या भागात ट्रॉल्या, बैलगाड्यांचे साटे, गेट, पत्र्याचे शेड हे बारा महिने चालतं, आणि गळीत हंगामात तर ट्रॉलीचा हुक तुटला की माणूस रात्री दोनला वेल्डरला उठवतो. तू ते डोळ्यानं बघितलं असशीलच.

प्रश्न : मी गोवंडीत राहते, वय २०. ब्युटिशियनचा तीन महिन्याचा फ्री कोर्स केला, सर्टिफिकेट मिळालं, प्लेसमेंट पण दिली, अंधेरीला सलूनमध्ये. १२ हजार पगार. रात्री साडेनऊला सुटायचे, वडाळ्याला गाडी बदलून घरी यायला अकरा, अम्मी जेवायची थांबायची आणि भाऊ रोज भांडायचा. दीड महिन्यात सोडली. आता सेंटरवाले म्हणतात तुझ्यामुळं आमचं रेकॉर्ड खराब झालं. माझं काय चुकलं सर?

उत्तर : तुझं काही चुकलं नाही पोरी, आणि रेकॉर्ड त्यांचं आहे, तुझं नाही. या धंद्यातली आतली गोष्ट सांगतो, बऱ्याच योजनांमध्ये ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेला पैसे हप्त्याहप्त्यानं मिळतात आणि काही भाग पोरं नोकरीला लागली का, टिकली का, यावर असतो. त्यामुळं त्यांना तुला कुठंतरी चिकटवायची घाई असते, कुठं ते गौण. गोवंडीची पोरगी अंधेरीला पाठवताना कुणीतरी रेल्वेचा नकाशा बघायला हवा होता. १२ हजारातनं पास, बाहेरचा चहा-नाश्ता, रात्री उशीर झाला की रिक्षा, हे वजा कर, नऊसुद्धा राहत नसतील.

पण एक बोलतो, रागावू नको. तीन महिन्यात थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल हे हाताला कळतं, बसत नाही. बसायला गिऱ्हाईक लागतं, शेकड्यानं. तू आत्ता चेंबूर, मानखुर्द, घाटकोपर एवढ्याच पट्ट्यात दिवसाची शिफ्ट देणारं छोटं पार्लर शोध, पगार दोन हजार कमी असला तरी चालेल, आणि मालकिणीला पहिल्या दिवशी सांग की मला ब्रायडल शिकायचंय, त्यासाठी लग्नसराईत मी जादा थांबेन. वर्षभर हे कर. मधल्या काळात रविवारी गल्लीतल्या बायकांचं घरी कर पण फुकट करू नको, फुकट केलेल्या कामाला लोक नंतर दहा रुपये पण देत नाहीत. ईद आणि लग्नाचे महिने यांचा हिशेब वहीत ठेव, किती गिऱ्हाईक आली, सामानाला किती गेले, हातात किती उरले. ती वही पुढं बँकेत सर्टिफिकेटपेक्षा जास्त कामाला येते. पन्नास हजारांपर्यंतचं मुद्रा लोन, ज्याला शिशु म्हणतात, ते तारण न ठेवता मिळतं, पण वर्षभरानंतर. आत्ता घेतलंस तर खुर्ची आणि आरसा येईल, गिऱ्हाईक येणार नाही.

भावाशी मी बोलू का? खरंच विचारतोय, नंबर पाठव.

प्रश्न : तुमचं सदर वाचून चीड आली. गरिबाच्या पोरानं वेल्डर व्हायचं, प्लंबर व्हायचं, आणि तुमच्यासारख्यांच्या पोरांनी इंजिनीअर. कौशल्य विकास म्हणजे जुनीच व्यवस्था नवीन नावानं. तुम्ही तुमच्या मुलाला वेल्डर केलं का? (एक पदवीधर, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नाही केलं. मुलगा इंजिनीअर आहे. हे पत्र मी तीनदा वाचलं आणि संपादकांना म्हटलं हे छापायचंच, कापायचं नाही.

तुमचं म्हणणं निम्मं नाही, निम्म्याहून जास्त खरं आहे. माझ्या वर्गात ३१ वर्षांत कुठल्या वस्तीतली पोरं यायची ते मला माहीत आहे, आणि पालकसभेला डॉक्टर-वकील आलेला मी कधी बघितला नाही. हाताचं काम खालचं आणि बसून केलेलं वरचं ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि कौशल्य कौशल्य म्हणून भाषण करणारा माणूसही आपल्या पोराला जेईईच्या क्लासलाच घालतो, मीही घातलं.

पण मग त्या पोरांना काय सांगू? थांबा, समाज बदलू दे? बी.ए. करून तीन-चार वर्षं स्पर्धा परीक्षेच्या लायब्ररीत बसलेली पोरं तुमच्या शहरात जशी आहेत तशी माझ्याही गावात आहेत, त्यांच्या घरची दोन एकर त्यात गेली. मी त्यांना खालचं समजत नाही, मला वाईट वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हाताचं काम हा रस्त्याचा शेवट नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेला पोरगा पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करू शकतो, तिथनं पुढं इंजिनीअरिंगला पण. हे पोरांना कुणी सांगतच नाही, कारण सांगणाऱ्यालाच वाटतं एवढं पुरे यांना. तिथं तुमचा राग मला शंभर टक्के मान्य.

आणि एक उदाहरण सांगतो जे मला स्वतःला नेहमी खाली बघायला लावतं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे, तिथं डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. माणूस शास्त्रज्ञ, अमेरिकेत पीएचडी केलेला, मुंबईत मोठ्या कंपनीच्या रिसर्चमधली नोकरी सोडून कोरडवाहू गावात येऊन बसला, शाळा सुटलेल्या पोरांबरोबर. तिथं एक वर्षाचा निवासी कोर्स आहे, मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाचा. त्यात पोरगं एकच ट्रेड नाही शिकत, वेल्डिंग-बांधकाम पण करतं, वायरिंग-सोलर पण, शेती-जनावरं पण, आणि अन्नप्रक्रिया, रक्त तपासणं हेही. आणि नुसतं प्रॅक्टिकलसाठी जोडून तोडत नाहीत, गावाला लागणारी खरी वस्तू करायची, तिचा खर्च काढायचा, बिल करायचं. कलबागांचं म्हणणं असं की हातानं काम करता करताच डोकं चालतं, शिकायची ती नैसर्गिक पद्धत आहे, आणि ती सगळ्याच पोरांसाठी आहे, फक्त नापासांसाठी नाही. म्हणून त्यांनी तेच काम शाळांमध्ये आठवी ते दहावीचा विषय म्हणूनही नेलं. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथं आहे, गरिबाच्या पोराला वेल्डिंग शिकवू नका असं नाही, डॉक्टरच्या पोरालाही शिकवा. ते आपण केलं नाही. मीही नाही.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातला, मातंग समाजाचा, वय २४, बारावी. टू-व्हीलर गॅरेज टाकायचंय. एका एजंटनं सांगितलं पीएमईजीपीमधून १० लाखाचा प्रोजेक्ट करू, ३५ टक्के माफ होतात, म्हणजे साडेतीन लाख फुकट. त्याला ४० हजार द्यायचे. घेऊ का?

उत्तर : हिशेब मांडूया, मांडला की बरंच धुकं जातं. पीएमईजीपी म्हणजे नवीन धंद्यासाठी सबसिडी असलेलं सरकारी कर्ज. या योजनेत अनुसूचित जातीच्या माणसाला ग्रामीण भागात ३५ टक्के सबसिडी आणि स्वतःचे फक्त ५ टक्के, हे खरं आहे, एजंट तेवढ्यापुरतं खोटं बोलत नाही. १० लाखात तुझे ५० हजार. पण साडेतीन लाख तुझ्या हातात येत नाहीत, ते बँकेत तुझ्या नावानं वेगळे ठेवतात आणि तीन वर्षांनी, धंदा चालू आहे असं बघून, कर्जातनं वळते करतात. गॅरेज दुसऱ्याच वर्षी बंद पडलं तर ती माफी पण गेली. उरलेले सहा लाख तर फेडायचेच, ११ टक्क्यांनी पाच वर्षं धरली तर महिन्याला १३ हजारांच्या आसपास हप्ता. तुझ्या गावातलं नवीन गॅरेज पहिल्या सहा महिन्यात भाडं, लाइट, पोऱ्याचा पगार काढून १३ हजार सोडेल? सोडेल तर घे. मला शंका आहे.

दुसरं म्हणजे टू-व्हीलर गॅरेजला १० लाख लागतातच कुठं? पाना सेट, कॉम्प्रेसर, वॉशिंग पंप, थोडे स्पेअर, ऑइल. आकडा एजंट फुगवतो कारण त्याचं कमिशन आकड्यावर असतं. अर्ज ऑनलाइन आहे, त्याला एजंट लागत नाही, जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन बस, तिथं प्रोजेक्ट रिपोर्टचा नमुना मिळतो. उद्यम नोंदणीलाही, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदीला, एक रुपया लागत नाही, तिच्यासाठी पण लोक हजार-दोन हजार घेतात म्हणून सांगतो.

आता खरा मुद्दा. तुझ्या पत्रात तू काम कुठं शिकलास ते लिहिलेलं नाही. एप्रिल २०२० पासून धुराच्या नव्या नियमाच्या, म्हणजे बीएस-६ गाड्या आल्या, कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, सेन्सर आले, आणि जुन्या मिस्त्र्यांचे हात तिथं थांबले, कारण फॉल्ट आता कानानं कळत नाही, स्कॅनर लावावा लागतो. तुझ्यासारख्या बारावी झालेल्या पोराला हीच फट आहे. एक वर्ष कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला काढ, स्कॅनर, वायरिंग, इलेक्ट्रिक गाड्या जेवढं बघता येईल तेवढं बघ. घाईनं आधी छोटं शेड टाकून मग अर्ज करायचा विचार असेल तर तोही करू नको, ही योजना फक्त नवीन उद्योगाला आहे, चालू धंदा दाखवलास की अर्ज बाद. म्हणून शिकायचं दुसऱ्याच्या गॅरेजवर, स्वतःच्या नाही. मग ये, दोन-अडीच लाखाचा प्रोजेक्ट घेऊन. तोवर लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळाच्या जिल्हा ऑफिसलाही एक चक्कर मार, मातंग समाजासाठीच ते १९८५ ला झालं, कुठली योजना या वर्षी चालू आहे आणि कुठल्या योजनेचा निधी संपलाय ते तिथल्या क्लार्कला जेवढं माहीत असतं तेवढं कुणालाच नसतं.

आणि कर्जापेक्षा एक माणूस शोध, आठवड्याला एकदा येऊन तुझी वही बघणारा. पुण्याकडं भारतीय युवा शक्ती ट्रस्टवाले हेच करतात, १९९२ पासून, कर्जाबरोबर प्रत्येक पोराला एक मेंटर जोडून देतात, धंद्यातलाच अनुभवी माणूस. तुझ्याकडं ट्रस्ट नसेल तर स्पेअर पार्टचा दुकानदार बघ. उधारी कुणाची बुडते आणि कुठलं गॅरेज का बंद पडलं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

प्रश्न : मुलगा फिटर झाला चांगल्या मार्कांनी, वर्ष झालं घरी आहे. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले. अप्रेंटिसला जा म्हटलं तर म्हणतो तिथं राबवून घेतात आणि सोडून देतात. काय करावं?

उत्तर : मुलगा अगदीच चूक नाही. काही ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला मजूर, झाडू मारायला आणि साहेबाचा चहा आणायला. तरी जावं असंच मी म्हणेन, कारण घरी बसलेल्या वर्षात हात विसरतो. फाइल धरायचा कोन सुद्धा विसरतो, मी बघितलंय.

१९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, आणि ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, म्हणजे ते तुमच्यावर उपकार करत नाहीत. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिन्याला कमीत कमी ७ हजार स्टायपेंड ठरवला होता, त्याच्या खाली कुणी बोलत असेल तर गप्प बसायचं नाही. तुमच्याकडं तर कोळसा खाणी आहेत, औष्णिक वीज केंद्र आहे, बल्लारपूरला कागद कारखाना, भद्रावतीला ऑर्डनन्स फॅक्टरी, एसटीचा डेपो. फिटरला याच्यापेक्षा चांगला जिल्हा शोधून सापडायचा नाही. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर त्याचं नाव टाका आणि नाव टाकून थांबू नका, कंपनीच्या गेटवर जाऊन विचारा, पोर्टलवर जागा दिसत असते आणि भरून गेलेली असते. करार पोर्टलवर नोंदला की नाही हे पहिल्या महिन्यात बघा, कारण नोंद नसेल तर शेवटची परीक्षा नाही आणि परीक्षा नाही तर राष्ट्रीय सर्टिफिकेट नाही. त्या सर्टिफिकेटचा उपयोग काय म्हणाल तर रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना लेव्हल-१ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. परीक्षा द्यावीच लागते, पण रांग छोटी.

सहा महिने झाले आणि झाडूच मारायला लावत असतील तर मला कळवा, कुठं तक्रार करायची ते सांगतो.

प्रश्न : मी १८ ची होणार आहे पुढच्या महिन्यात, बालगृहात राहते. सगळे विचारतात पुढं काय, मला राहायचं कुठं तेच माहीत नाही. शिवण येतं.

उत्तर : तुझं पत्र सगळ्यात छोटं आणि मला सगळ्यात जास्त वेळ त्याला लागला.

आधी राहायचं. १८ झाली म्हणून दुसऱ्या दिवशी बाहेर असं नसतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ४६ आहे, संस्थेतनं बाहेर पडणाऱ्या मुलांच्या पुढच्या सोयीचं, त्यात २१ पर्यंत अनुरक्षण गृहात राहता येतं आणि शिकता येतं. पण ते आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो, आणि वाढदिवसाच्या आधी करावा हे उत्तम. तुमच्या अधीक्षक ताईंना सांग की जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडं माझा अर्ज पाठवा, आणि पाठवलेल्या अर्जाची झेरॉक्स तुझ्याकडं ठेव. दुसरं, अनाथ प्रमाणपत्र निघत असेल तर आत्ताच काढ. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथ मुलांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, ते या कागदाशिवाय मिळत नाही. बाहेर पडल्यावर हा कागद काढणं फार जड जातं. आधार, बँक खातं, शाळेचा दाखला, सगळं एका फाइलीत, आणि त्या फाइलीचे फोटो कुणातरी भरवशाच्या माणसाच्या फोनमध्ये.

शिवण येतं ही मोठी गोष्ट आहे, ती तू शेवटी दोन शब्दात लिहिलीस. आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, तिथं पॅटर्न कापणं आणि मोठी मशीनं शिकशील, घरगुती मशीनवर येतं ते वेगळं. ब्लाउज चांगला बेतता येत असेल तर कुठल्याही गावात उपाशी राहणार नाहीस, हे माझं नाही, बायकोचं मत आहे, आणि याबाबतीत तिचंच मत धरायचं. पण आधी राहायचं ठरू दे. ते ठरलं की परत लिही.

प्रश्न : आमच्या छोट्या संस्थेत मोबाइल रिपेअरिंगचा वर्ग आहे. पहिल्या आठवड्यात ३० पोरं, दुसऱ्या महिन्यात ११. फुकट असून येत नाहीत. पोरांना किंमत नाही असं आमच्या विश्वस्तांचं म्हणणं आहे.

उत्तर : विश्वस्तांना विचारा ते पोरगं वर्गाला येतं त्या दिवशी घरात किती रुपये कमी येतात. तुमचा कोर्स फुकट असेल, त्याचा दिवस फुकट नाही. बिगारीला गेलं, केटरिंगला वाढप्या म्हणून गेलं तर संध्याकाळी चार-पाचशे हातात पडतात, आणि तुम्ही त्याला तीन महिन्यांनी मिळणारं सर्टिफिकेट दाखवताय.

वर्गाची वेळ कामानंतरची करा, संध्याकाळी सात ते नऊ. दुसऱ्याच आठवड्यात खरे फोन आणा, गल्लीतल्या लोकांचे, चार्जिंग पिन आणि स्क्रीन बदलायला, आणि मजुरीतले निम्मे पैसे त्याच दिवशी त्या पोराला द्या. फोन बिघडला तर भरपाई संस्थेची, हे पण आधी सांगा, नाहीतर पोरं हात लावत नाहीत. कर्नाटकात उजिरेला १९८२ मध्ये धर्मस्थळाचा ट्रस्ट आणि दोन बँका मिळून जी संस्था निघाली, जिच्यावरून पुढं देशभर जिल्ह्याजिल्ह्यात ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था झाल्या, तिनं हे कोडं वेगळ्या बाजूनं सोडवलं, कोर्स थोडक्या दिवसांचा, राहणं-जेवण फुकट, आणि कोर्स संपल्यावर दोन वर्षं पाठपुरावा. तुम्हाला राहायची सोय जमणार नाही, पण पाठपुरावा जमेल, त्याला एक फोन आणि एक वही लागते.

आणि जी १९ पोरं गेली त्यांच्या घरी एकदा जाऊन या, विश्वस्तांना बरोबर घेऊन. संध्याकाळी आठनंतर जा, आधी गेलात तर कुणी घरी भेटणार नाही.